क्लेटनची चढाई

आखातातल्या रुवैसच्या कामगार कॅम्पात कबड्डीची फायनल शुक्रवारी होती आणि सोमवारपासून दत्तारामला एका जागी बसवत नव्हतं. नऊ वर्षं मचाण बांधणाऱ्यांच्या टीमचा डावा कोपरा त्याचा होता. चढाईवाल्याने पाय लांबवला की घोटा धरायचा आणि सोडायचा नाही, हा त्याचा खेळ. पण सरावाच्या सामन्यात गोदामवाल्यांच्या क्लेटनने त्याला तीनदा, घोट्याला लटकलेला असतानाच, मध्यरेषेपर्यंत फरफटत नेलं होतं.

क्लेटन अमेरिकन सेफ्टी इंजिनिअर. कॉलेजात त्यांच्याकडचा फुटबॉल खेळलेला: बॉल छातीशी धरून माणसांच्या भिंतीत घुसायचं. उंची बेताची, मांड्या खांबासारख्या.

टीमची यादी वसईचा टाइमकीपर झेवियर करायचा. तो म्हणाला, "दत्तारामभाऊ, फायनलला तो एकदा जरी तुमच्या हातून सुटला तर राखीवातला धनंजय आत. राग नका मानू."

"धनंजयला तर तो डब्यासारखा उचलून नेईल."

"नेऊ दे. बावीसचा आहे, उठेल तरी."

मंगळवारी लंच ब्रेकमध्ये दत्तारामने झेवियरला ओढतच क्लेटनकडे नेलं. तुम्हाला धरायचं कसं, असं त्यालाच विचारलं. क्लेटन खुशीत बोलत सुटला. झेवियर मराठीत सांगत होता, "कंबर खाली ठेवायची. पावलं छोटी, कुणी धरलं तरी पाय चालूच. समोरच्याआधी आपण खांदा घालायचा. पडायचंच तर पुढे पडायचं."

क्लेटनने झेवियरलाच खांदा लावून दाखवला. "हं!" झेवियरचा चहा शर्टावर सांडला.

"परत करायला सांग," दत्ताराम म्हणाला.

"यल्ला, चला, आता तुम्हीच उभे राहा," झेवियर म्हणाला.

तो उभा राहिला. धडक बसली आणि पुन्हा तेच "हं!"

धडक देताना क्लेटन श्वास सोडत होता. म्हणजे कबड्डी कबड्डी म्हणणं त्या क्षणी थांबत असणार. दम तुटला की चढाईवाला बाद. मग पंचाला ते ऐकू का आलं नाही? कारण पकड झाली की आपलेच सातजण "धर, धर" म्हणून बोंबलतात.

संध्याकाळी त्याने टीमला सांगितलं, पकडीच्या वेळी आवाज नको.

"मयतीला आलोय काय?" धनंजय म्हणाला. सगळे हसले.

शुक्रवारी पहिल्या चढाईला क्लेटन उजव्या कोपऱ्यावर गेला. सवयीने सगळे ओरडले आणि तो दोन गुण घेऊन गेला.

"आता तोंड उघडेल त्याने उद्या माझ्या मचाणावर चढू नये," दत्ताराम म्हणाला.

दुसऱ्या चढाईत क्लेटन डाव्या कोपऱ्याकडे वळला. दत्तारामने घोट्याकडे पाहिलंच नाही. तो समोर गेला आणि छाती दिली.

"कबड्डी, कबड्डी, कब... हं!"

दत्ताराम पाठीवर आपटला. क्लेटन त्याच्यावरून गेला, रेषा ओलांडली आणि दोन्ही हात वर केले. टीममधला एकजणही बोलला नाही.

पंच रफिकभाईंनी शिट्टी मारली. "दम तुटला. बाद."

क्लेटन रेषेकडे बोट दाखवत राहिला. झेवियर त्याला समजवायला धावला.

दत्ताराम उठला. डावा हात खांद्यातून वर जात नव्हता. बाहेर धनंजय टी-शर्ट काढून तयार उभा होता.

"भाऊ, हात?"

"बस खाली."

तो आपल्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. गोदामवाल्यांचा पुढचा चढाईवाला आत आला, त्याने त्या लोंबत्या हाताकडे पाहिलं आणि तो सरळ डाव्या कोपऱ्याकडे वळला.