कॉम्प्युटरचं कपाळ

कॉम्प्युटरचा पंखा घरघरला, बटणाभोवतीचा निळा दिवा लागला, आणि स्वानंदीच्या जिवात जीव येतोय न येतोय तोच सगळं पुन्हा गप्प झालं. पडदा काळाच राहिला. ही सातवी वेळ होती.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन. आई पाचपर्यंत येणार होती.

टेबलाखालच्या त्या काळ्या डब्यात आईचा प्रबंध होता. पाच वर्षं ऑफिस सांभाळून, पहाटे उठून लिहिलेला. पेनड्राइव्हवर एक प्रत होती, पण ती जूनमधली. शेवटची दोन प्रकरणं त्यानंतरची, फक्त इथेच होती. जमा करायचा शेवटचा दिवस उद्याचा. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा कुणी देणार नव्हतं. म्हणून तर आज दसरा असूनही आई मार्गदर्शक सरांच्या घरी सही आणायला गेली होती. जाताना चप्पल घालता घालता म्हणाली होती, "पाटीपूजन झालंय ना, आता कॉम्प्युटरला हात लावू नकोस हं. त्याची पूजा मी आल्यावर करीन."

आणि अकरा वर्षांच्या स्वानंदीने नेमकी तीच पूजा करून ठेवली होती. हळदकुंकू, झेंडू, अक्षता, आणि फुलाने शिंपडलेलं पाणी. आईचा प्रबंध पास होऊ दे, असं डोळे मिटून म्हटलंही होतं. मग सोसायटीतले लोक पूजा झाल्यावर गाडी एकदा सुरू करून बघतात, तसं तिने बटण दाबलं.

पाणी! तिने रुमालाने डबा पुसला होता, फूल कचऱ्यात टाकलं होतं. पण आत गेलेलं पाणी कसं पुसणार? समोरच्या पार्कात रावणाच्या पुतळ्याशेजारी कुणीतरी फटाका वाजवला आणि ती खुर्चीतून उडालीच.

बाबा फौजेत, दूर लेहला. दुरुस्तीची दुकानं आज बंद. उरले खालच्या मजल्यावरचे दीनानाथ आजोबा. पहाडगंजच्या मराठी शाळेत त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं, आणि घरातला कुठलाही पंखा नाहीतर मिक्सर ते आधी स्वतः उघडून बघत.

तिने बोलावल्यावर आजोबा काठी टेकत वर आले, खुर्चीत बसले. "माझे हात कापतात. तेव्हा हात तुझे आणि डोकं दोघांचं. चालेल?"

स्वानंदीने मान हलवली.

"रडून झालंय की व्हायचंय?"

"नाही रडत मी."

"छान. मग सांग, बंद पडायच्या आधी काय काय झालं?"

"काही नाही. बस, ऑन केला." तिने नजर वळवली. "बिल्कुल काही नाही केलं, आजोबा."

आजोबांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "घाबरलं की माणूस दिसेल ते सगळं ओढून बघतो. आपण एका वेळी एकच गोष्ट बघायची. वीज येते का?"

"येते. पंखा फिरतो ना."

"पडद्याची वायर?"

तिने मागे हात घालून ती दाबून पाहिली. घट्ट होती. आजोबांनी कीबोर्ड, माउस, प्रिंटर सगळं काढायला लावलं. मग म्हणाले, "आता मुख्य वायर काढून परत लाव. आणि मोज. मोठ्याने."

पंखा घरघरला. "एक... दोन... तीन... चार—"

गप्प.

"परत."

"एक, दोन, तीन, चार." गप्प.

तिसऱ्यांदाही चारच. पावणेपाच नाहीत, सव्वातीन नाहीत. आजोबांच्या कपाळाला आठी पडली. ते हळूच म्हणाले, "हा बिघडलेला वाटत नाही गं. बिघडलेली वस्तू अशी मोजून मापून बंद होत नाही. याला कुणीतरी बंद करतंय."

स्वानंदीने खोलीभर नजर फिरवली. खोलीत त्या दोघांशिवाय कोणीही नव्हतं. पूजा चुकली की काय? आईने करायची होती, तिने चोरून केली, म्हणून? घड्याळात सव्वाचार झाले होते.

"कोण... कोण करतंय?"

"तूच सांग. कधी हा मध्येच अडकला, माउसही हलेना, तर तू कसा बंद करतेस?"

"बटण दाबून धरते."

"किती वेळ?"

ती उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच तिचं तिलाच कळलं: चार मोजेपर्यंत. तिने बटणाकडे पाहिलं. गोल, खोलगट, कडेला पुसट लाल रेघ राहिलेली. तिचे कान तापले.

"आजोबा, मी खोटं बोलले."

"हं."

"मी पूजा केली. आईने नको म्हटलं होतं तरी. कुंकू लावलं, ते लाल तांदूळ असतात ना, ते लावले... आणि पाणी पण शिंपडलं."

पाणी म्हटल्याबरोबर आजोबा ताठ बसले. "वायर काढ. आधी वायर!" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. तिने झटका देऊन ती उपटली.

पुढची दहा मिनिटं कशी गेली ते तिला नंतर कधीच नीट आठवलं नाही. आजोबांनी सांगितलं तसे तिने मागचे दोन स्क्रू सोडवले, बाजूचा पत्रा सरकवला. मोबाईलच्या उजेडात आत हिरवी पाटी दिसली, धुळीचे पुंजके, वायरींचा गुंता. ती फोन भराभर इकडेतिकडे फिरवू लागली.

"घाई नको. ओलं कुठे दिसतं?"

तिने कोपरान् कोपरा पाहिला. "कुठेच नाही."

"पत्र्याला आतून बोट लाव."

बोटाला फक्त धूळ लागली. आजोबांनी सोडलेला श्वास तिला ऐकू आला. "वाचलीस. आता मला सांग, कुंकू नेमकं लावलंस कुठे?"

"बटणावर." ती पुटपुटली. "कपाळ तेच वाटलं मला. गोल आहे, मधोमध आहे."

आजोबांना हसू फुटलं, पण त्यांनी ते मिशीतच ठेवलं. "आणि त्या कपाळावर अक्षता. आणि वरून बोटाने दाबलंस. जा, आईच्या शिवणाच्या डब्यातून टाचणी आण."

बटण खरंच एका बाजूला किंचित आत गेलेलं होतं. त्याच्या फटीत टाचणी फिरवताना तिने ओठ दाताखाली धरला होता. काहीतरी टोचलं, सरकलं, आणि लाल रंगाचा एक तांदूळ टप्‌कन तिच्या तळहातावर पडला. बटण टक्‌ करून वर आलं.

पत्रा, कीबोर्ड, माउस, प्रिंटर सगळं परत बसवून वायर लावली. बटण दाबलं. एक, दोन, तीन, चार.

पाच.

पडदा उजळला. आईच्या प्रबंधाची फाईल कोपऱ्यात होती तिथेच होती. स्वानंदीला आता मात्र रडू आलं.

"आता नीट बंद कर," आजोबा म्हणाले. तिने तो बंद केला. "परत सुरू झाला तरच दुरुस्त झाला म्हणायचं. आणि ते परत सुरू करणं आईच्याच..."

दाराची घंटा वाजली.

आई आत आली ती घामाघूम, हातात सहीच्या कागदांचं पाकीट. "अच्छा, आजोबा आलेत! नमस्कार हं, बसा, मी एवढं शेवटचं पान छापते आणि चहा टाकते." पर्स खुर्चीवर टाकून ती सरळ टेबलापाशी वाकली. तिचं बोट बटणाकडे गेलं.

स्वानंदीने मूठ आवळली. आतला तांदूळ टोचत होता. आजोबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही, ते खिडकीबाहेरच्या रावणाकडे बघत बसले होते.

निळा दिवा लागला. एक, ती मनात म्हणाली. दोन. तीन. चार.

पाच. सहा. पडदा उजळला.

तिने आईसमोर मूठ उघडली.

"हे काय?" आईने विचारलं.

"कॉम्प्युटरच्या कपाळावरचा. मी पूजा केली, आई. तो बंद पडला होता."

आईचा चेहरा पांढरा पडला. ड्रॉवर ओढून तिने आधी पेनड्राइव्ह काढला, दोनदा चुकून तिसऱ्यांदा नीट खोचला, प्रबंध त्यावर उतरवायला लावला, आणि पडद्यावरची हिरवी पट्टी शेवटपर्यंत भरेपर्यंत श्वास रोखून बघत राहिली. मग खाली बसली, स्वानंदीच्या तळहातावरचा तांदूळ दोन बोटांत धरला.

"आता सांग," ती म्हणाली. "अगदी पहिल्यापासून."