येर्काच्या नावाचं बेट

मी येर्काचं ढुंगण बोलतोय. हसून घ्या. नकाशात माझं हेच नाव छापलंय, आणि त्यात माझा काडीचाही दोष नाही.

मी क्रोएशियाच्या किनाऱ्यालगतचा एक खडक. आम्ही इथे शेकड्यांनी आहोत, किनाऱ्याला समांतर. एके काळी आम्ही डोंगर होतो. समुद्र चढला, दऱ्या बुडाल्या, माथी तेवढी वर राहिली. जमिनीकडची माझी बाजू उघडीबोडकी, कारण तिकडून बुरा वाहतो. वाऱ्याचंच नाव ते, आणि शोभतं त्याला. तो खारं पाणी उडवून गवताचं पातंही जगू देत नाही. मागच्या बाजूला थोडं गवत उगवतं. तेवढ्यासाठी माणसं होडीतून मेंढ्या आणून सोडतात आणि मला आपलं म्हणतात. आपलं! यांच्या खापरपणजोबांचा पत्ता नव्हता, तेव्हापासून मी इथे भिजतोय.

समोरच्या मोठ्या बेटावरचं गाव मला 'तिहा' म्हणायचं. तिहा म्हणजे निवांत. बरं नाव होतं. ते घालवलं क्रशेवाननं.

हा तेव्हा तरुण मेंढपाळ. अंगात मस्ती भरपूर, अक्कल बेताची. गावच्या जत्रेत येर्कानं चारचौघांत त्याच्याबरोबर नाचायला नकार दिला. "आधी पाय धुऊन ये," म्हणाली. त्याच आठवड्यात राजधानीहून मोजणीदार आला आणि याच्याच होडीत बसून एकेका बेटाचं नाव विचारू लागला. माझी पाळी आली.

"हे येर्काचं ढुंगण," क्रशेवान म्हणाला.

"खरंच असं म्हणतात?"

"पिढ्यान्‌पिढ्या, साहेब."

साहेबांनी मान डोलावून लिहून घेतलं. दोघांत मोठा मूर्ख कोण, हे मी अजून ठरवलेलं नाही.

पुढे याच गाढवानं त्याच येर्काशी लग्न केलं. मग नकाशा छापून गावात आला. येर्कानं नवऱ्याला हिवाळाभर मेंढवाड्यात झोपवलं. तेव्हापासून तिच्यासमोर सगळे मला तिहा म्हणत, आणि तिची पाठ वळली की फिदीफिदी हसत. घरात कुणी चुकून ते नाव काढलंच, तर ती ताट भिरकावी. स्वतः तर तिनं ते कधी उच्चारलंच नाही. माणसांची अब्रू एवढीशी असते, कागदावर मावणारी.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर, आता म्हातारी झालेली ती दोघं मेंढ्या न्यायला आली. पलीकडच्या डोंगरावर ढग बसला होता, म्हणजे बुरा येणार. "पोचू तोवर," क्रशेवान म्हणाला. कसले पोचतात! येर्का माझ्या दगडी कुंपणावरून घसरली, मांडीचं हाड मोडलं, आणि बुऱ्यानं होडी माझ्याच अंगावर आपटून फोडली. तिचे ओठ निळे पडायला लागले. क्रशेवाननं तिला भिंतीच्या आडोशाला घेतलं, आपला कोट तिच्यावर घातला आणि जुना बटणांचा फोन काढून बंदर कचेरीला लावला.

"तिहावर आहोत! बायकोचं हाड मोडलंय!"

"तिहा? नकाशात नाही, आजोबा."

"अहो, मेंढ्यांचं बेट!"

"सगळीच मेंढ्यांची आहेत. नकाशातलं नाव सांगा!"

क्रशेवाननं येर्काकडे पाहिलं. बायको गारठून मरायला टेकली होती, आणि या बहाद्दराला तिच्या रागाची भीती वाटत होती! मला शिसारी आली.

"ते... जरा लांबट... दोन उंचवटे असलेलं..." तो चाचरत म्हणाला. फोनची बॅटरी संपत आली होती.

"आण इकडे, मेल्या!" येर्कानं फोन हिसकावला आणि बुऱ्याच्या वर आवाज चढवून ओरडली, "येर्काचं ढुंगण! येर्काच्या ढुंगणावर येर्का पडलीये! लवकर या!"

पलीकडे नकाशा सळसळला. मग आवाज आला, "सापडलं, आजी. निघालोच."

ते आले. तिला स्ट्रेचरवर बांधताना क्रशेवान हुंदके देत होता.

"पाय धू म्हटलं होतं फक्त," ती म्हणाली. पण त्याचा हात तिनं सोडला नाही.

या घोळानंतर सरकार मला माझं जुनं नाव परत द्यायला निघालं होतं. येर्का काठी टेकत कचेरीत गेली. "खबरदार!" म्हणाली. "ते माझं आहे, तिथेच राहू द्या." सरकार घाबरलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

तुम्हाला एकच सांगणं. कधी माझ्याजवळून होडी नेलीत, तर माझं नाव हसत कुजबुजू नका. घ्यायचंच असेल तर तिनं घेतलं तसं घ्या.