तरंगलेलं भात आणि एक गावठी अंडं

रविवारी सकाळी आमच्या खळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शहापूर तालुक्यात शेणव्याच्या पुढं आमचं गाव. निम्मं गाव माझ्या बहिणीला बघायला आलेलं.

नम्रता, वय एकोणीस, शहापूरला कॉलेजात. मधोमध पाटावर बसवलेली. तोंडात काही नव्हतं तरी चावत होती. उजवा हात आपोआप वर जायचा आणि तिथंच राहायचा. मी खाली करायचो, तो पुन्हा वर.

समोर गोजर भगत. भूत उतरवायला मुरबाडकडून आणलेला. इस्त्रीची पँट, गळ्यात चार माळा, खिशात दोन मोबाईल.

"घरचा दाणा आणा," तो बोलला. "दुकानाचा चालत नाय. देवाला पिशवीचा वास येतो."

आईनं कणगीतलं मूठभर भात आणलं. भगतानं काचेचा वाडगा मांडला, आमच्या कळशीतलं पाणी ओतलं. शेजारच्या अनिता काकीला बोलला, "तू टाक गो. तुझं अंग साफ हाय." काकीनं दाणे टाकले. गेले तळाला.

ते पाणी त्यानं फेकून दिलं. मग आपल्याजवळचा तांब्याचा गडू उघडला. "हे डोंगरावरच्या झऱ्याचं. हे खोटं बोलत नाय." वाडगा भरला, वर हळद टाकली. नम्रताच्या मुठीत दाणे दिले आणि मूठ वाडग्यावर उघडली.

दाणे तरंगले.

बाया मागं सरकल्या. आईनं पदर तोंडात धरला. भगत डोलायला लागला, "डोंगराची वाट, नदीचा काठ, सोड गो बाई पोरीची पाठ." मग डोळे उघडून एकदम साध्या आवाजात, "वीटभट्टीवर जळलेली बाई हाय. बघा, कशी रगत चघळतेय. पाच रविवार लागतील. तवर डॉक्टर नाय, सुई नाय. सुई टोचली तर बाई आत अडकंल. मग पोर गेली समजा."

हा दुसरा रविवार होता.

खरं सांगतो, पहिल्या रविवारी मी पण घाबरलो होतो. दाणे तरंगताना व्हिडिओ काढला, चार जणांना पाठवला. माझ्या खिशात डॉक्टरची चिठ्ठी होती तरी. शहापूरच्या भावना मॅडमनी नम्रताला तपासून दिलेली. आधी ताप, डोकेदुखी. मग पाच दिवस झोपच नाय. मग म्हणायला लागली की आई खरी आई नाय, बदललेली आहे. मॅडम बोलल्या होत्या, "पंकज, हे भूत नाही आणि नाटकही नाही. मेंदूला सूज असू शकते. आजच मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात न्या. उद्या नको."

अकरा दिवस झाले होते त्याला.

साईनाथ काका आमच्या घरातला मोठा. त्याचा शब्द शेवटचा. त्यानंच भगत आणला. शुक्रवारी नम्रताला मोठा झटका आला, जीभ चावली गेली, तेव्हा काकानं भगताला फोन लावला. भगत बोलला, "बाई हलायला लागली. चांगलं लक्षण हाय."

तर दुसरा रविवार. भगतानं वाडग्यातलं पाणी ओंजळीत घेऊन नम्रताच्या तोंडावर मारलं. मी तिला धरून बसलेलो, थोडं माझ्या हातावर उडालं. आदल्या दिवशी विळा लागून बोट कापलं होतं. ते असं झोंबलं की मी हात झटकला.

झऱ्याचं पाणी झोंबत नाय.

मी बोट चाटलं. मग उठलो. उताऱ्यासाठी ठेवलेल्या सुपात लिंबं होती, नारळ होता, आमच्याच कोंबडीचं अंडं होतं. अंडं उचललं आणि वाडग्यात सोडलं.

अंडं बुडालं नाय. वर येऊन डुलायला लागलं.

खळ्यात सगळे शेतकरी. दरवर्षी राबात, भाताची रोपं करतो त्या वाफ्यात, बी टाकायच्या आधी आमी सगळे हेच करतो. बादलीत मीठ घालत राहायचं, अंडं वर आलं की मीठ पुरं झालं, मग बी ओतायचं. पोचट दाणे वर, भरीव खाली. आमच्या घरात हे काम साईनाथ काकाचं. पोरांना ओरडतो, "अंडं दिसतंय का रे? नाय तर घाल अजून."

"काका," मी बोललो, "अंडं दिसतंय का?"

काका पुढं आला. मग वाकला, वाडग्यात बोट घातलं, जिभेला लावलं. थुंकला.

"बियाण्याला घालतो त्याच्या दुप्पट हाय," तो बोलला. "एवढ्यात भरीव पण तरंगंल."

"देवाचं पाणी खारटच असतं," भगत बोलला.

"असं काय?" अनिता काकी पुढं आली. मूठभर भात घेतलं, त्याच वाडग्यात टाकलं. सगळं वर. "मगाशी माझं अंग साफ होतं. एवढ्यात माझ्यात पण बाई शिरली का रं, भगता?"

दोघंतिघं हसले. काका नाय हसला. त्यानं नम्रताचा वर राहिलेला हात हळूच खाली केला. तो पुन्हा वर गेला.

"गाडी काढ," तो मला बोलला.

मुंबईत तिच्या पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं. नाव लांब आहे, मी मोबाईलवर वाचून वाचून पाठ केलं, पण समजलं ते भावना मॅडमच्या फोनवरच्या बोलण्यातून. "शेतातल्या माळ्यावर राखण करता ना तुम्ही? डुकरावर सोडलेली कुत्री घरच्याच वासरावर तुटून पडली, असं समज. रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात शरीरात. त्यांनी अँटीबॉडी बनवल्या, पण त्या चुकून नम्रताच्या मेंदूलाच चिकटल्या. म्हणून ते बोलणं, ते चावणं, तो हात, ते झटके."

"मग बाई कोण नव्हतीच?"

"तिचेच राखणदार होते."

आधी ती कुत्री आवरायची औषधं दिली. मग मशीन लावून रक्तातल्या त्या अँटीबॉडी काढल्या. एक महिना आयसीयू. त्यातले नऊ दिवस श्वासही मशीनच घेत होतं. मी बाहेर बसून मॅडमना फोनवर विचारलं, लवकर आणलं असतं तर?  त्या म्हणाल्या, "याच्यात जितका उशीर तितकं अवघड."

नम्रता घरी आली. चालते, हसते, आईला आई म्हणते. पण वाचताना ओळ सुटते. कॉलेजचं वर्ष गेलं. तो दीड महिना तिला आठवतच नाय. मला कधीकधी विचारते, "दादा, मी तेव्हा कुठं होते?" मी बोलतो, हॉस्पिटलात. पहिले अकरा दिवस सांगत नाय.

आणि भगत? त्या दिवशी गर्दीतून निघून गेला, गडू काखेत घेऊन. परवा एकानं मला व्हिडिओ पाठवला. वाडगा, हळद, दाणे तरंगतायत. मागं माझी आई उभी. मीच काढलेला व्हिडिओ. कुणाकुणाकडून फिरत आलेला, खाली त्याचा नवा नंबर टाकलेला.

म्हणून हे लिहितोय. धडधाकट माणसाला ताप येऊन अचानक बोलणं बदललं, झोप उडाली, झटके आले, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. कोण काय म्हणंल ते मागनं बघू. आणि कुणी तुमच्या दारात येऊन भात तरंगवून दाखवलं, तर हात जोडायच्या आधी ते पाणी चाखा. मी एक रविवार उशिरा चाखलं.