दोरीची करकर

मृणाल पुण्यात भाषाविज्ञान शिकली आणि लग्न होऊन सुरतच्या डिंडोलीला आली. नवरा किरण सकाळीच पर्वत पाटिया भागातल्या कापडाच्या दुकानावर जायचा. मग घरात दोघीच उरायच्या, ती आणि सासूबाई धुरपदाबाई.

मृणालचं काम घरूनच चालायचं. फिनलंडमधल्या एका ध्वनिसंग्रहाकडून तिच्याकडे साठ-साठ वर्षांपूर्वीच्या टेपा यायच्या. सैबेरियाच्या टोकाला बोलल्या जाणाऱ्या नेनेत्स भाषेच्या. तिला त्यातला शब्दही कळत नव्हता. पण कुठला स्वर किती लांबला, आवाज कुठे चढला, कुठे विरला, हे ती संगणकावर मोजायची. आवाजाचं चित्र पडद्यावर उमटायचं, राखाडी ढगांच्या रांगांसारखं. पाहता पाहता मृणाल त्या ढगांत हरवून जायची. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत असायचं आणि तिला मात्र पायाखाली बर्फ असल्यासारखं वाटायचं.

त्या आठवड्यात एका बाईचं गाणं आलं होतं. सोबत सूचना होती: मागची करकर गाळून टाकावी, गाण्याचा प्रकार माहीत नाही. पण गाण्यातले काही स्वर उगाचच लांबत होते. भाषेच्या उच्चारनियमांत बसेनात, चालीतही बसेनात. तीन दिवस मृणालने डोकं खाजवलं. चौथ्या दुपारी कंटाळून तिने हेडफोन काढला आणि गाणं खोलीत मोकळं सोडलं.

धुरपदाबाई जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. लिंबायतच्या कापड कारखान्यात त्यांनी वीस वर्षं मागांसाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या. डोळे मिटूनही कुठला माग कुरकुरतोय ते त्या सांगायच्या. त्यांचा हात थांबला.

"हाई बाई पोरले झोका दी ऱ्हायनी," त्या आपल्या गावाकडच्या बोलीत म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं, आई?"

"ती करकर आयक ना! झोयीनी दोरी शे ती. झोयी लांब गयी का बाईना सूरबी लांब जास."

झोळीची दोरी! मग मृणालने करकर गाळली नाही, उलट तीच मोजायला घेतली. दोरी ठरल्या वेळाने वाजत होती, आणि लांबलेला प्रत्येक स्वर झोका टोकाला पोचतो तिथेच येत होता. शेवटी शेवटी शब्द संपले, नुसतं गुणगुणणं राहिलं. दोरी हळूहळू मंदावली. त्यानंतर टेपवर बराच वेळ काहीच नव्हतं.

"नीजनं पोरगं," धुरपदाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

मृणालने सगळं लिहून पाठवलं, सासूबाईंच्या नावासकट. दहा दिवसांनी संग्रहाच्या प्रमुख आइनो यांचं उत्तर आलं. त्यांनी ते गाणं तिकडच्या एका म्हाताऱ्या नेनेत्स बाईंना ऐकवलं होतं. ऐकता ऐकता बाई हसल्या होत्या. त्यांच्या आईनेही तंबूच्या आडव्या दांड्याला पाळणा टांगून त्यांना असंच निजवलं होतं म्हणे. आता नोंदीत गाण्याचा प्रकार 'अंगाई' असा लिहिला होता, करकर जशीच्या तशी ठेवली होती, आणि खाली 'ओळखलं: धुरपदाबाई, डिंडोली, सुरत' अशी ओळ होती.

मृणालने पत्र वाचून दाखवलं. धुरपदाबाईंना त्या ओळीचं काही विशेष वाटलं नाही.

"पोरनं नाव काय व्हतं?" त्यांनी विचारलं.

"नाव नाही गाण्यात. आई त्याला हरणाचं पाडस म्हणते, असं पत्रात लिहिलंय."

"पाडस," धुरपदाबाई स्वतःशीच म्हणाल्या. पदर सारखा करून त्या चटईवर आडव्या झाल्या. "लाव बरं परत."

मृणालने गाणं लावलं. मोजायचं काही उरलं नव्हतं, म्हणून तिने पडदा बंद केला आणि भिंतीला टेकून बसली. बर्फावरची ती बाई गात राहिली, दोरी वाजत राहिली, आणि दुसऱ्या कडव्यालाच धुरपदाबाईंचा डोळा लागला.