टेस्टरचा दिवा लागला नाही

मी एक जुना टेस्टर आहे. मूठ कधीकाळी काचेसारखी स्वच्छ होती, आता पिवळट पडली आहे. टोक बोथट झालं आहे. आपली गोष्ट सांगताना जो तो आपली थोरवी सांगतो. मित्रांनो, मी तुम्हाला माझा एक खोटेपणा सांगणार आहे. त्यात एक माणूस मरता मरता वाचला.

मला बनवायला कारखान्यात फार वेळ लागला नसेल. एक पोलादी दांडी, एक चिमुकला दिवा, एक स्प्रिंग, वर धातूची टोपी, झालं. टोक चालू वायरला लावायचं आणि टोपीवर बोट ठेवायचं. कळणारही नाही इतका थोडा करंट माझ्यातून आणि त्या माणसाच्या अंगातून जातो, आणि दिवा लागतो. माणसाचं बोट नसेल तर मी आंधळा. माझा निम्मा उजेड माणसाचा आहे, हे मी कधी विसरलो नाही.

मला वायरमनकाकांनी घेतलं. तीस वर्षं मी त्यांच्या खिशात होतो. कामाला हात लावण्याआधी ते मला चालू असलेल्या सॉकेटमध्ये, बहुधा फ्रिजशेजारच्या, घालून बघत. दिवा लागला की मगच बिघडलेल्या वायरला लावत. आणि नंतर पुन्हा त्याच सॉकेटमध्ये. लोक हसत.

"अहो काका, फ्रिज तर चालू आहे! तिथे काय शोधताय?"

"फ्रिजला नाही तपासत, याला तपासतोय. तुम्ही सकाळी आरशात बघता ना, तोंड जागेवर आहे का म्हणून? तसंच."

पुढे काकांचे हात थरथरू लागले. काम सुटलं. मी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये जाऊन पडलो, सुतळी आणि संपलेल्या सेलांच्या शेजारी. मग घरातल्या प्रत्येकाला माझी आठवण येऊ लागली, पण भलत्याच कामांना. रंगाच्या डब्याचं झाकण उघडायचं? आणा टेस्टर. खिळा उपसायचा? आणा टेस्टर. एकदा काकांच्या मुलाने फरशीवरचं वाळलेलं सिमेंट काढायला मला छिन्नी केलं आणि डोक्यावर हातोडी घातली. आत कट् असा आवाज झाला. माझा दिवा गेला. बाहेरून तडासुद्धा दिसत नव्हता. कुणी बघितलंही नाही. हातोडी हाताशीच होती, छिन्नी विकत मिळते, तरी मलाच ठोकलं. याचा मला अजून राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

मग एका रविवारी दुपारी घरातले सगळे दिवे गेले. फ्रिज मात्र घुरघुरत होता. मुलाने बल्ब बदलले. फ्यूज बघितला, तो शाबूत. मग तो स्टुलावर चढला आणि भिंतीवरची जोडपेटी उघडली. जिथे वायरींचे जोड एकत्र येतात ती ही डबी.

"अहो, मेन स्विच बंद करा ना आधी," सून खालून म्हणाली.

"अगं, दिवेच लागत नाहीत तर करंट येणार कुठून? फ्रिजमधलं दूध नासेल उगाच. हे बघ." त्याने मला लाल वायरला लावलं. टोपीवर बोट ठेवलं.

मित्रांनो, त्या वायरमध्ये करंट होता. माझ्या टोकापासून पोटापर्यंत तो येऊन थांबला होता. पुढे रस्ता नव्हता. मला ओरडायचं होतं, पण माझी जीभ म्हणजे तो दिवा, आणि तो फुटलेला.

"मेली आहे लाइन," तो म्हणाला. त्याने मला शर्टाच्या खिशात टाकलं आणि चिमटीने वायर धरायला हात पुढे केला.

"अरे, टेस्टर तपासलास का?" खाटेवरून काका ओरडले.

"झाले बाबा सुरू! टेस्टर तपासायचा, मग तपासणाऱ्याला तपासायचं..."

"हात मागे घे! सूनबाई, त्याच्या खिशातून काढ तो. फ्रिजशेजारच्या सॉकेटमध्ये घाल."

सुनेने मला घातलं. फ्रिज घुरघुरतोय, आणि मी काळाठिक्कर. ती शेजारच्या घरून नवा टेस्टर घेऊन आली. सॉकेटमध्ये लागला. मग मुलाला खाली उतरवून, स्वतः स्टुलावर चढून तिने त्याच लाल वायरला लावला. भगभगीत लागला.

मुलगा खाली बसला.

आता मेन स्विच बंद झाला. नवा टेस्टर वायरवर विझला. तरी काकांनी सुनेला शेजारी पिटाळलं. "त्यांच्या सॉकेटमध्ये परत लावून ये. आपली तर सगळी बंद आहेत."

"बाबा, आत्ताच तर लागला होता!"

"आत्ता म्हणजे मघाशी. जा."

ती गेली, लावून आली, आणि तेव्हाच वायरीला हात लागला. काळ्या वायरचा, करंट परत नेणाऱ्या न्यूट्रलचा जोड चिकटपट्टीखाली जळून सुटला होता. येणारा करंट येत होता, जायला वाट नव्हती, म्हणून दिवे बंद. सुनेने जळका तुकडा काकांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला.

"हा माझाच जोड. घाईत पिळलाय." मग मुलाकडे न बघता म्हणाले, "तुला एकट्यालाच बोलून चालायचं नाही."

ओळखीच्या वायरमनने येऊन जोड नीट केला. दिवे लागले. काकांनी मला हातात घेतलं आणि पक्कड मागवली.

"मोडताय? राहू द्या ना बाबा, आठवण म्हणून," मुलगा म्हणाला.

"आठवण ड्रॉवरमध्ये राहते. उद्या कुणीतरी ड्रॉवर उघडेल आणि याच्यावर विश्वास ठेवेल."

मित्रांनो, विजेच्या कामाला तुम्ही हात लावू नका. पण घरातल्या मोठ्यांना हे वाचून दाखवा, आणि ते चिडले तर चिडू द्या. माझ्यासारख्याला ठोकू नका. ठोकलाच असेल तर प्रेमाने जपूनही ठेवू नका. बंद पडलेला पंखा फक्त उकाडा देतो, बंद पडलेला टेस्टर माणूस मारतो. त्याला मोडा.

काकांचे हात पक्कड दाबू शकत नाहीत. सुनेने त्यांच्या हातांवर आपले हात ठेवले आहेत. मला वाईट वाटत नाही असं म्हणालो तर ते माझं दुसरं खोटं होईल. पण त्या बोटांनी तीस वर्षं मला उजेड दिला. तीच बोटं आता मला धरून आहेत.