दुमडलेली पानं

कुपवाडच्या शाळेत सातवीला मराठी शिकवणाऱ्या स्वप्नाली बाईंनी दिवाळीनंतर मुलांना रोजनिशी लिहायला लावली, आणि पहिल्याच आठवड्यात कपाळाला हात लावला. सगळ्या वह्या एकाच साच्यातल्या. सकाळी उठलो, दात घासले, शाळेत गेलो. अंकिताची वही तर त्याहून वरताण. रोज एकच ओळ, 'आज काही घडलं नाही.'

रागवावं असं बाईंच्या मनात आलं होतं. पण पोरगी अबोल, मान खाली घालून बसणारी. जतकडचं मेंढपाळाचं घर मागं ठेवून आईवडील इथं कारखान्यात कामाला आलेले. बाईंनी त्या ओळीखाली निळ्या पेनानं लिहिलं, 'डब्यात काय होतं?'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.'

'कुणी केली चटणी?'

'गावाकडनं आजीनं धाडली.'

'आजी कशी आहे तुझी?'

यावर मात्र अर्धं पान भरून आलं. आजीचं नाव बयाबाई. तिला एकूण एक मेंढी तोंडावरून ओळखू येते. फोनवर ती ओरडून बोलते, कारण कुपवाड लांब आहे. वाचता वाचता बाई स्टाफरूममध्ये एकट्याच हसल्या.

मग बाईंनी वर्गात सांगूनच टाकलं, "शुद्धलेखन तपासणार नाही, मार्कही देणार नाही. फक्त रोज लिहायचं, आणि आपलं लिहायचं." हळूहळू बाईंचे प्रश्न कमी झाले, अंकिताची पानं वाढत गेली. घरी गेल्यावर चहा घेताना बाई आधी तिचीच वही उघडायच्या.

संक्रांत झाली आणि एक दिवस अंकिता वही छातीशी धरून टेबलापाशी घुटमळली.

"काय गं?"

"बाई, कालचं पान वाचू नका."

"का बरं?"

"ते माझं हाय." बोलून गेली आणि घाबरली. "राग आला व्हय, बाई?"

बाईंना क्षणभर चुकल्या-चुकल्यासारखं झालं खरं. पण इतके महिने मान खाली घालणारी पोर आज डोळ्याला डोळा देऊन बोलत होती. त्यांना भरून आलं.

"वेडे, राग कसला? किती लिहिलंस?"

"दोन पानं. लय झालं का?"

"अजिबात नाही. ती पानं दुमडून ठेव. मी उघडणार नाही."

ही सवलत बाईंनी साऱ्या वर्गाला दिली. जयराजनं तर अख्खी वहीच दुमडून आणली.

"आत लिहिलंयस ना रे काही?"

"शप्पथ, बाई!"

बाईंनी वही न उघडता मुखपृष्ठावर सही ठोकली. वर्ग खो-खो हसला. खिडकीपाशी अंकिता मात्र कुणाकडं न बघता लिहीत होती. तास सुरू करायचा होता, पण बाई तिचं वाक्य पुरं होईपर्यंत खडू हातात धरून थांबल्या.