एका दिवसानं लहान

मी संशयी आहे असं आमच्या घरात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. इथं हिंदी मुलखात, दुर्गाघाटावर पौरोहित्य करण्यात माझा जन्म गेला. श्राद्धाला कोण खरोखर रडतंय आणि कोण डोळे पुसता पुसता घड्याळ बघतंय, हे मला मंत्र न थांबवता कळतं. मग माझ्याच मुला-सुनेच्या पोटात काय आहे ते कळणार नाही होय?

गोष्ट देवूच्या शाळेची. देवू म्हणजे देवश्री, माझी नात. विश्वेश आणि बकुळची एकुलती एक लेक. या एप्रिलात तिला सहा पूर्ण झाली, म्हणजे पहिलीत जायला हवी. गल्लीतल्या पोरींची दप्तरं आली, गणवेश शिवून झाले, आणि आमच्याकडे सगळं चिडीचूप. शेवटी मीच विषय काढला.

"नाना, एका दिवसानं हुकलं बघा," विश्वेश म्हणाला. "शाळेचा नियम आहे, एक एप्रिलला सहा पूर्ण पाहिजेत. देवू दोन तारखेची. आता पुढच्या वर्षी."

दोन तारखेची! अरे, पोर जन्मली तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात जप करत मी बसलो होतो. बाहेर मिट्ट काळोख. सूर्य उगवल्याशिवाय दिवस बदलतो का कधी? आमच्या घरात सगळं असंच मोजतात, जन्म काय नि मरण काय. सूर्य उगवला नव्हता म्हणजे एक तारीखच चालू होती. हे सगळं मी विश्वेशला समजावून सांगितलं, तर तो हसला आणि बँकेत निघून गेला. सुनेनं मान खाली घालून मटार सोलायला घेतले. तिथंच माझ्या डोक्यात किडा वळवळला. कुठंतरी पाणी मुरतंय.

मग मी लक्ष ठेवायला लागलो. बकुळचा भाऊ पुण्याला असतो. त्याचे फोन वाढले होते. मी खोलीत शिरलो की "बरं, मग बोलू" म्हणून फोन बंद. एकदा विश्वेश दोन भल्या मोठ्या पेट्या घेऊन आला. आमच्या गल्लीतून बाईक जाताना मारामार, तिथं हमालाच्या डोक्यावर पेट्या! मी म्हटलं, "कुठं प्रस्थान?" तर म्हणे, "कुठं नाही, नाना, ऐसेही." ऐसेही पेट्या कोणी आणतं का? ताकाला जायचं तर भांडं कशाला लपवायचं?

मला सगळं लख्ख दिसलं. ही मंडळी पुण्याला निघाली होती. इथं पोरीचं नाव घातलं तर पाय अडकेल, म्हणून तो एका दिवसाचा बहाणा.

खोटं कशाला बोलू, आमची ही गेल्यापासून मला त्या पोरीचाच आधार. तिची बालवाडी म्हणजे मी. सकाळी आम्ही दोघं बालाजी घाटावर जातो. फुलांची परडी ती घेते, तांब्या मी. मी अर्घ्य देतो तेव्हा ती सूर्याकडे बघून हात जोडते आणि वर विचारते, "नाना, यांनी आंघोळ केली का?" येताना जिलबी. देवू पुण्याला गेली तर सकाळी उठायचं तरी कशासाठी?

मग मी ठरवलं. सरळ बोटानं तूप निघत नाही. पोरीचं नाव एकदा इथल्या शाळेत लागलं की बघू कसे हलतात. सोमवारी विश्वेश बँकेत गेला, बकुळ पोळ्या करत होती. मी देवूला नवा फ्रॉक घालायला लावला आणि म्हटलं, "चल, जिलबी खाऊन येऊ." आणि थेट गल्लीच्या टोकाच्या शाळेत.

मोठ्या बाई भल्या निघाल्या. देवूला त्यांनी पहिलीच्या वर्गात बसायला पाठवलं आणि मला खुर्ची दिली. मी त्यांना सूर्योदयाचं सगळं शास्त्र सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पंडितजी, आपका सूरज सर आँखों पर," त्या म्हणाल्या, "लेकिन हमारी तारीख तो रात बारह बजे बदलती है।"

मी उठणार, तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, की दोन-चार दिवसांची सूट देणं त्यांच्या हातात आहे. आई-बापांनी मागितली की झालं. आणि विश्वेश तर हिवाळ्यातच येऊन गेला होता! बाई आपण होऊन सूट द्यायला तयार होत्या, आणि माझ्या दिवट्यानं हात जोडून सांगितलं, नको.

माझं डोकंच फिरलं. संशय खरा निघाला की आनंद व्हायला हवा ना? छे! मी म्हटलं, "बाई, आई-बाप राहू द्या, मी आजोबा आहे, मी सूट मागतो. आत्ता नाव घाला." बाईंनी माझ्याकडे जरा बघितलं आणि फोन उचलला. मला वाटलं शिपायाला बोलावतायत. त्यांनी बकुळला बोलावलं.

सूनबाई आली ती हाताला कणीक तशीच. मी तिला तोंड उघडू दिलं नाही.

"कधी निघताय पुण्याला?" मी म्हटलं. "म्हाताऱ्याला सांगायची तरी तसदी घ्यायची!"

"पुण्याला?" तिनं कपाळाला हात लावला, कणकेचा ठसा उमटला. "नाना, पुण्याची नोकरी आली होती, हे खरं. भाऊ महिनाभर मागे लागला होता. यांनी मागच्याच आठवड्यात नाही म्हणून कळवलं. तुम्ही इथून हलणार नाही, आणि तुम्हाला सोडून हे हलणार नाहीत."

"आणि पेट्या?"

"तुमच्या पोथ्यांना वाळवी लागलीय, त्यासाठी. तुमच्या वाढदिवसाला द्यायच्या होत्या. झालं समाधान?"

मी जरा नरमलो. पण संशय काय एका घावात मरतो होय? "मग सूट का नाकारली? पोरीचं वर्ष वाया घालवायला?"

मोठ्या बाईंना कळू नये म्हणून की काय, बकुळ हळूच मराठीत म्हणाली, "नाना, एकदा शाळा लागली की सकाळ शाळेची, दुपार अभ्यासाची, संध्याकाळ ट्यूशनची. इथल्या सगळ्या पोरांचं बघतोच की आपण. एका दिवसाच्या नियमानं तिला आणखी वर्षभर घरी ठेवता येत होतं, तर म्हटलं ठेवू. तिला घाट मिळेल. आणि तुम्हाला ती. तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, माझ्यावर उपकार नकोत."

म्हणालोच असतो. अगदी हेच शब्द. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. म्हटलं, अजून काही बिघडलेलं नाही, पोरीला घेऊ आणि घरी जाऊ, उद्या पहाटे घाट आहेच.

वर्गाच्या दारात गेलो. देवू दुसऱ्या बाकावर बसली होती. शेजारच्या पोरीनं तिला अर्धी पेन्सिल दिली होती आणि दोघी एकाच पाटीवर डोकं घालून हत्ती काढत होत्या. मी हाक मारली. तिनं वर बघितलं.

"नाना, आप जाइए," ती म्हणाली. माझ्याशी हिंदीत! "सुटल्यावर न्यायला या. हिचं नाव सुरुची आहे. हत्तीची शेपटी राहिलीय."

मी मागे वळलो. बकुळ माझ्याकडेच बघत होती. "तुम्ही सांगा, नाना," ती म्हणाली. "तुम्ही आणलंत, तुम्हीच ठरवा. नाही म्हणालात तर आत्ता उचलून नेते. रडेल दोन दिवस, मग विसरेल."

खरंच विसरली असती. मुलं विसरतात. एक अख्खं वर्ष माझ्या हातात ठेवलं होतं सुनेनं, आणि माझी लबाडी काही कमी नाही. नियम, तारीख, सूर्योदय, मला काय, कुठलंही शास्त्र काढता आलं असतं.

आत हत्तीला शेपटी फुटली. दोघी खिदळल्या.

मोठ्या बाई आमच्या मागोमाग येऊन लेखणी उघडून थांबल्या होत्या. "तो पंडितजी, एक दिन छोटी है, क्या करें?"

"छोटी बिलकुल नहीं है," मी म्हटलं. "मुलगी एक तारखेचीच आहे, बाई. सूर्य उगवायचा होता अजून. मी होतो तिथं."